धारेच्या वेळचा आवाज

आमचे आप्पा घरी येताना आधी त्यांचा आवाज यायचा आणि मग बऱ्याच वेळानं माणूस यायचा. गल्लीच्या तोंडाला पानपट्टी होती. तिथं ते कुणाशी पेंडीच्या भावाबद्दल बोलायला लागले की इकडं चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या आईला भाव कळायचा. कोल्हापुरात सगळेच मोठ्यानं बोलतात, त्यात आम्ही लिंगायत गवळी, घरामागं गोठाभर म्हशी. हळू बोलून आपलं चालत नाही, असं आमच्याकडं अभिमानानं सांगितलं जायचं. आप्पा रागात असोत की खुशीत, पट्टी एकच. बहिणीला नातू झाल्याची बातमी त्यांनी ज्या आवाजात घरात आणली, त्याच आवाजात ते धाकट्या काकांना दूध नासल्याबद्दल शिव्या घालायचे. सकाळी लिंगपूजेला बसले तरी मधेच मान वळवून गोठ्यातल्या गड्याला हाक द्यायचे. मोठ्या माणसांना त्यातला राग कुठला आणि नुसतं बोलणं कुठलं हे कळत असावं. मला कळायचं नाही. म्हणून मला सारखं ऐकत बसावं लागायचं. किटली ठेवली की आपटली, आता आई उत्तर देणार की गप्प राहणार, गप्प राहिली तर पुढं काय होणार. शाळेत गणिताच्या तासालासुद्धा माझे कान घराकडं लागलेले असायचे, आणि शाळा काही जवळ नव्हती.

आप्पांनी मला कधी हात लावला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण हल्ली हे कुणाला सांगायला लागले की ऐकणारा पहिलं तेच विचारतो. त्यांचा राग माणसांवर नाही, वस्तूंवर निघायचा. ताट भिरकावलं जायचं, रिकामी किटली अंगणभर घरंगळत जायची, आणि थोड्या वेळानं तेच आप्पा मला हाक मारून खरवसाची वडी पुढं करायचे. हाक तीच, आवाज तोच. मी वडी हातात घेऊन उभी राहायचे. ती घशाखाली उतरायची नाही. हळूहळू भाकरीही उतरेनाशी झाली. शेंगदाण्याची चटणी, दही, ताकातला भात, आई समोर ठेवून दमायची. मी एक घास तोंडात धरून या गालातून त्या गालात फिरवत बसायचे. झोपेत दात खायचे. डाव्या कानाच्या वरचे केस एकेक करून उपटायची सवय लागली होती आणि तिथं रुपयाएवढं टक्कल पडलं होतं. आई वेणी घालताना ते झाकायची आणि झाकता झाकता रडायची. मी तेव्हा सहावीत असेन. अंगावरचा फ्रॉक चौथीतला होता आणि तो सैल होत चालला होता.

उपाय झाले नाहीत असं नाही. मीठमिरच्यांनी दृष्ट काढून झाली. डॉक्टरांनी जंत म्हणून गोळ्या दिल्या, मग रक्त कमी म्हणून लाल टॉनिक दिलं. कुणीतरी सांगितलं म्हणून आईनं मला नृसिंहवाडीला नेलं. तिथं नेमक्या अंगात आलेल्या दोन बायका खांबाला धरून किंचाळत होत्या. मला शांत वाटावं म्हणून जिथं आणलं होतं तिथं आमच्या घरापेक्षा जास्त आवाज होता. येताना एसटीत मला ताप भरला. आता या सगळ्याला नाव आहे, बसून बोलायला माणसं आहेत, खोलीत मऊ खुर्च्या असतात. माझ्या लेकीच्या मुलाला अशाच एका ठिकाणी नेलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि आतून एकही मोठा आवाज आला नाही. मला ते फार विचित्र वाटलं. आमच्या वेळी एकच नाव होतं, भित्रट. आप्पांना त्याची लाज वाटायची. गवळ्याची पोर आणि किटली पडली तर दचकते, हे काय.

पण दिवसातून दोन वेळा आमच्या घरात एक वेगळी गोष्ट घडायची. पहाटे आणि संध्याकाळी, धारेच्या वेळी. तेव्हा गोठ्यात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, परका माणूस आत आणायचा नाही. म्हैस बिथरली की पान्हा चोरते, कास दुधानं तटतटलेली असते पण एक थेंब सोडत नाही, आणि मग तिच्यावर ओरडून काही होत नाही. ओरडलं तर ती आणखी चोरते. हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. धारेला बसलेले आप्पा वेगळेच असायचे. म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून ते तिच्याशी घशातल्या घशात बोलायचे. "हं बाई. हं माझी. सोड बाळा, सोड." मांडीत धरलेल्या कासंडीत धारेचा आवाज सुरू व्हायचा, आधी टणक, मग फेसात बुडालेला. मी अर्ध्या भिंतीच्या अलीकडून बघायची. आप्पांना बाळा म्हणता येतं हे मला तिथं कळलं. मला त्या म्हशींचा हेवा वाटायचा, खराखुरा. त्यातल्या त्यात हरणीचा. हरणी त्यांची लाडकी, लांब मागं वळलेल्या शिंगांची, आणि दिवाळीच्या पाडव्याला पळणारी.

आमच्याकडचा पाडवा बाहेरच्या माणसाला सांगावा लागतो. त्या दिवशी गवळी आपल्या म्हशी धुऊन, अंगावरचे केस कातरून नक्षी काढून, शिंगांना रंग आणि मोरपिसं लावून, गळ्यात कवड्यांची माळ घालून रस्त्यावर आणतात. मग मालक फटफटीवर बसतो. फटफटीचा सायलेन्सर काढलेला असतो, कान फुटतील असा आवाज करत ती पुढं पळते आणि मागून म्हैस, दावं नाही की काही नाही, मालकाच्या मागं त्या आवाजाच्या रोखानं धावत सुटते. ज्याची म्हैस न बुजता शेवटपर्यंत मागं येते त्याची वर्षभर छाती फुगलेली. म्हैस आपोआप अशी पळत नाही. दसऱ्यापासून तिला तयार करावं लागतं. संध्याकाळची धार झाली की अंगणाच्या पार टोकाला फटफटी सुरू करायची, म्हशीपुढं गूळ-पेंड ठेवायची, रोज फटफटी थोडी जवळ आणायची. शेवटी म्हैस त्या फटफटाटात शेजारी उभी राहून निवांत रवंथ करते.

त्या वर्षी हरणीला असं तयार करताना आप्पांच्या डोक्यात आलं की माझंही असंच करावं. यात दुष्टपणा नव्हता. त्यांना जी एक विद्या पक्की येत होती ती त्यांनी माझ्यासाठी काढली, आणि मनापासून काढली. आईला ते म्हणाले, "भ्या असं मोडत्यात. लांबनं सुरू करायचं, रोज जवळ न्यायचं. म्हशीचं मोडतंय, हिचं का न्हाय मोडनार? पाडव्याला हिला फटफटीच्या टाकीवर बशीवतो फुडं. सगळं गाव बघील. मग कशाला भितीया ही?"

आई म्हणाली, "आवो, ती जेवत न्हाय, आनि तुमी..."

"म्हनूनच की!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी अंगणात एका बाजूला हरणी आणि दुसऱ्या बाजूला मी. आमच्या मधे फटफटी. हरणीला गूळ मिळायचा, पाठीवर थाप मिळायची. मला "भिऊ न्हको म्हंतो न्हवं!" मिळायचं, आणि ते फटफटीच्या वर ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्यानं. जागचं हलायचं नाही असा नियम होता. मी हलायची नाही. पाय जमिनीत रोवायचे, जीभ दातांत धरायची, आणि आत कुठंतरी लहान लहान होत जायची. आप्पा बघायचे की पोर रडत नाही, पळत नाही, म्हणजे गुण येतोय. गल्लीतली माणसं दारात उभी राहून मला शाबासकी द्यायची. खरं म्हणजे मी पळत नव्हते कारण पळायला जागाच नव्हती. मागं गोठ्याची भिंत, पुढं फटफटी, दारात गल्ली. दिवाळी जसजशी जवळ आली तसा मला एकच विचार यायचा, की टाकीवर बसले की दोन्ही बाजूंना आप्पांचे हात असणार आणि मग भिंतसुद्धा नसणार.

घरात आणखी एक माणूस असं अडकलेलं होतं, ती म्हणजे चिगव्वा. धाकट्या काकांची बायको. काकूला चिगव्वा म्हणणं हे आमच्याकडं कन्नड मुलखातून आलेलं. ती निपाणीच्या पलीकडच्या एका खेड्यातली, माहेरी सगळं कानडी. मराठी बोलताना तिची बाई पुरुष व्हायची आणि पुरुष बाई, की घर खो-खो हसायचं. त्यामुळं तिनं बोलणंच टाकलं होतं. भांडी, शेण, वैरण आणि धार, एवढंच तिचं जग. पण धारेला तिचा हात असा होता की खोडीची म्हैससुद्धा तिला दूध द्यायची. तिनं मला भिंतीआडून बघताना बघितलं होतं. एका संध्याकाळी आप्पा पेठेत गेले होते. ती मला म्हणाली, "बा इल्लि," म्हणजे इकडं ये. मी गेले. तिनं मला पाटावर शेजारी बसवलं, माझं डोकं धरून हरणीच्या पोटाला टेकवलं आणि म्हणाली, "सुम्म कुंद्र." गप्प बस. एवढंच.

हरणीचं पोट गरम होतं आणि आतून गुडगुडत होतं. श्वास सावकाश आत जायचा, सावकाश बाहेर यायचा, आणि माझं डोकं त्याबरोबर वर-खाली व्हायचं. चिगव्वा धार काढत होती आणि काही बोलत नव्हती. मला वाटलं आता ती विचारेल, तुला काय होतंय, का भितेस. सगळे तेच विचारायचे आणि उत्तर माझ्याकडं नसायचं. तिनं विचारलंच नाही. धार झाल्यावर तिनं कोमट दुधात भाकरी कुस्करली आणि वाटी माझ्या मांडीवर ठेवली. माझा घास गालातच राहिलेला बघून म्हणाली, "म्हस बघ. गडबड करतंय काय ती? खातंय, बसतंय, परत आनतंय तोंडात, चावतंय. तुला बी काय गडबड न्हाय." मी तशी खाल्ली. म्हशीच्या शेजारी बसून, म्हशीच्या चालीनं. वाटी संपली तेव्हा मलाच आश्चर्य वाटलं. मग हे नेहमीचं झालं. आप्पा नसतील तेव्हा धारेला मी चिगव्वाशेजारी. तिथं माझे कान आपोआप बंद व्हायचे. घरात काय चाललंय हे मला माहीत नसायचं, आणि माहीत नसल्याचं काही वाटायचं नाही. आईनं एकदा बघितलं आणि तिला ते लागलं. "माझ्या हातचं खात न्हाय आनि गोठ्यात खातीस? ढोर हाईस का तू?" म्हणाली, पण आप्पांना बोलली नाही.

आप्पांना कळलंच शेवटी. ते लवकर घरी आले आणि मी हरणीला डोकं लावून बसलेली. धार चालू होती म्हणून ते ओरडले नाहीत, धार संपेपर्यंत दारात उभे राहिले. ते उभं राहणं मला ओरडण्याहून वाईट वाटलं. नंतर अंगणात आवाज फुटला. इकडं आम्ही हिचं भ्या मोडायचं बघतोय आणि तिकडं हिला लपायला जागा देताय, असं त्यांचं म्हणणं. "पाडवा हुईस्तवर हिनं गोठ्यात पाय ठेवायचा न्हाय!" हे चिगव्वासाठी होतं, पण सांगितलं आईला, कारण थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही आणि तिनंही त्यांच्याशी बोलायचं नाही ही आमच्यातली रीत. चिगव्वा दाराआड उभी होती. तिनं पदर पुढं ओढला आणि आत गेली. त्या दिवसापासून माझी वाटी बंद झाली. नंतरचे ते दिवस मी कसे काढले हे मला नीट आठवत नाही. फराळाचा वास, पणत्या, शेजारच्या पोरांचे किल्ले, सगळं काचेपलीकडं. पाडव्याच्या आदल्या दिवशी माझ्या पोटात पाणीसुद्धा ठरलं नाही.

पाडव्याला आईनं मला नवा परकर घातला आणि वेणी अशी बांधली की टक्कल दिसू नये. नदीकडच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी होती. हलगी वाजत होती. आमच्या आधीच्या दोन-तीन म्हशी पळून झाल्या, शिट्ट्या झाल्या. आप्पांनी मला उचलून टाकीवर बसवलं. त्यांच्या अंगाला अत्तराचा वास होता आणि ते खूश होते, मनापासून खूश. मला म्हणाले, "बघ संगे, आज तुझं समदं भ्या जातंय." मग त्यांनी किक मारली.

पुढचं मी शरीरानं लक्षात ठेवलंय, डोक्यानं नाही. फटफटी हलली, मागून हरणी निघाली, लोक ओरडले, आणि माझे दोन्ही हात हँडलला चिकटले. उजव्या हाताच्या बोटांत ब्रेक सापडला आणि बोटं त्यावर आवळली गेली. फटफटी हिसका देऊन रस्त्याच्या मधोमध बंद पडली. आप्पांनी पाय टेकून सावरली म्हणून पडलो नाही. हरणी चार पावलांवर येऊन थांबली आणि फुसफुसायला लागली. लोक हसले. आप्पांनी माझी बोटं सोडवायचा प्रयत्न केला. सुटेनात. "सोड! हात सोड म्हंतो न्हवं!" ते कानाशी ओरडले. बोटं आणखी घट्ट. मला सोडायचं होतं. हे मी आजही कुणाला पटवून देऊ शकत नाही, पण मला सोडायचं होतं आणि माझा हात माझं ऐकत नव्हता. अंग फळीसारखं कडक झालेलं. "सोड!" आप्पा पुन्हा ओरडले. परकर ओला झाला होता. सगळं गाव बघत होतं.

चिगव्वा बायकांच्या घोळक्यातून बाहेर आली. डोक्यावरचा पदर मागं पडला होता आणि तिनं तो सावरला नाही. फटफटीसमोर उभी राहिली आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा आप्पांच्या तोंडाकडं बघून बोलली.

"भावजी, तुमी गप व्हा आदी. म्हस पान्हा चोरली तर तिच्यावर वरडताय काय तुमी?"

हसणारी माणसं हसायची थांबली. एका भावजयीनं थोरल्या दिराला भर रस्त्यात गप्प बस म्हटलं होतं. पुढं काय होतंय ते बघायला पुढची माणसं आणखी पुढं सरकली. माझ्या पाठीला आप्पांची छाती लागलेली होती, म्हणून मला कळलं की त्यांनी ओरडण्यासाठी श्वास भरून घेतलाय. तो श्वास तसाच राहिला. मग हळूहळू बाहेर गेला. त्यांनी माझी बोटं ओढायचं सोडून दिलं, नुसता तळहात वर ठेवला, आणि माझ्या कानामागून, घशातल्या घशात, आवाज आला. "हं बाई. हं माझी. सोड बाळा." शब्द म्हशीचे होते. मला चालले. मला ते किती दिवस हवे होते ते मलाच तेव्हा कळलं. बोटं एकेक करून सुटली आणि मी मोठ्यानं रडायला लागले, तरी ते तसंच बोलत राहिले.

त्या वर्षी हरणी पळाली नाही. ती आमच्या मागून चालत घरी आली आणि फटफटी काकांनी ढकलत आणली. घरी चिगव्वाचं काही खरं नव्हतं. चारचौघांत घराची अब्रू घालवली म्हणून आई तिला बोलली, काका तिच्याकडं बघेनात, शेजारच्या दोन म्हाताऱ्या तर हिला माहेरी लावून द्या म्हणून सांगायला आल्या. आप्पा खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "तिला कुनी काय बोलायचं न्हाय." पण इतक्या हळू म्हणाले की कुणाला ऐकूच गेलं नाही, आणि त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं. चिगव्वा त्यानंतर पुष्कळ वर्षं त्याच घरात राहिली. तिचं मराठी सुधारलं नाही, पण घरातल्यांचं तिला हसणं मात्र बंद झालं.

दुपार कलल्यावर मी गोठ्याच्या पायरीवर बसले होते. आप्पा येऊन शेजारी बसले. गप्प. मला त्याचीच जास्त भीती वाटली. ओरडणाऱ्या आप्पांसमोर कसं राहायचं हे मला थोडंफार जमलं होतं, गप्प आप्पांचं काय करायचं हे ठाऊक नव्हतं. माझा हात नकळत कानाच्या वर गेला. त्यांनी तो जाताना बघितला, ते टक्कल बघितलं. वेणीखाली ते किती दिवस होतं, त्यांना आज दिसलं.

"संगे," ते म्हणाले, "तुला माझं भ्या वाटतंय व्हय गं?"

"न्हाय, आप्पा," मी म्हणाले. भ्यायले होते म्हणूनच तसं म्हणाले.

एरवी ते "मग झालं तर!" म्हणून मांडीवर थाप मारून उठले असते. आज उठले नाहीत. हातातला टॉवेल पिळत बसून राहिले, माझ्याकडं न बघता. आत म्हशी ओरडायला लागल्या. धारेची वेळ झाली होती, कासा तटल्या होत्या. मी वाट बघितली की आता उठतील. कितीतरी वेळ वाट बघितली.

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "कवापास्नं?"

मी नीट आठवून बघितलं. त्यांना खरं उत्तर द्यावं असं मला पहिल्यांदाच वाटत होतं, म्हणून मी मागं मागं जात भीती नव्हती असा एखादा दिवस शोधला.

"पयल्यापास्नं," मी म्हणाले.

आत सगळा गोठा ओरडत होता. आप्पा माझ्याशेजारीच बसून राहिले.